जनावरांचे वाण आणि डीएनएमधील फिरते घटक

वळू विकत घ्यावयाचा झाला म्हणजे त्याची ठेवण, चाल, खूर, त्याच्या आईचें दूध आणि विकणाऱ्याचा शब्द एवढ्या गोष्टी आपण पाहतों. अलीकडे त्यांत एका कागदाची भर पडली आहे. जनावराचें रक्त किंवा केस तपासून त्याचीं जनुकें कशीं आहेत हें सांगणारा दाखला आतां मिळूं लागला आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं आपल्या वाशीम येथें पंतप्रधानांच्या हस्तें गायींसाठीं ‘गौचिप’ व म्हशींसाठीं ‘महिषचिप’ अशीं तपासणीचीं दोन साधनें खुलीं करण्यांत आलीं. या साधनांचें आम्ही मनापासून स्वागत करतों. तथापि त्या दाखल्यांत काय असतें हें जसें शेतकऱ्यानें समजून घ्यावें, तसेंच त्यांत काय नसतें हेंही त्यास ठाऊक असलें पाहिजे. कारण जें त्यांत नसतें, त्यांतच गाय, म्हैस, मेंढी आणि मनुष्य यांच्या घडणीचा एक मोठा भाग सांपडतो, असें गेल्या पंचवीस वर्षांच्या संशोधनावरून दिसून आलें आहे.

आम्ही ज्यांविषयीं लिहीत आहोंत ते डीएनएमधील फिरते घटक होत. डीएनए म्हणजे प्रत्येक पेशींत असलेली, चार अक्षरांत लिहिलेली एक लांबलचक पोथी समजावी. जनुक म्हणजे त्या पोथींतील, अमुक एक प्रथिन कसें बनवावें हें सांगणारा एक पाठ. मनुष्याच्या पोथींत असे सुमारें वीस हजार पाठ आहेत. गायीच्या पोथींतही थोड्याफार फरकानें तितकेच. शिंगाच्या पेशींत आणि कासेच्या पेशींत पोथी तीच असते. मग एकींतून शिंग कां व्हावें आणि दुसरींतून दूध कां यावें? तर कोणता पाठ कोठें व केव्हां वाचावयाचा हें ठरविणारी वेगळी व्यवस्था त्याच पोथींत आहे म्हणून. ज्यानें रात्रीं पाटावर उभें राहून दारें धरलीं आहेत, त्यास ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. विहीर एकच, पाट एकच. परंतु कोणत्या वाफ्याचें दार केव्हां उघडावयाचें आणि केव्हां बांधावयाचें यावर पीक अवलंबून असतें. जनुक हा वाफा, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे असलेला डीएनएचा लहानसा तुकडा हें त्याचें दार.

या दारांचें महत्त्व किती, हें १९७५ सालीं कॅलिफोर्नियांतील मेरी-क्लेअर किंग व ॲलन विल्सन या दोघांनीं स्पष्ट करून सांगितलें. मनुष्य आणि चिंपांझी यांचीं प्रथिनें ताडून पाहतां तीं शंभरांत नव्याण्णव हिश्श्यांनीं सारखीं निघालीं. तेव्हां या दोन प्राण्यांत जो डोळ्यांत भरणारा फरक आहे तो पाठांतला नसून पाठ वाचण्याच्या वेळापत्रकांतला असला पाहिजे, असें त्यांनीं अनुमान काढलें. पुढील संशोधनानें तें पुष्कळ अंशीं खरें ठरविलें. परंतु एक प्रश्न उरलाच. नवीं दारें येतात कोठून? एकेक अक्षर चुकून बदलत दार तयार व्हावयाचें म्हटलें तर फार काळ लागावा, आणि एकाच वेळीं शेंकडों जनुकांना सारखें दार बसणें तर जवळजवळ अशक्य दिसतें.

या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा मक्याच्या शेतांत सांपडला, याचें आम्हांस विशेष वाटतें. अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील संशोधन-संस्थेंत बार्बरा मॅक्क्लिंटॉक नांवाच्या विदुषी मक्याचा अभ्यास करीत असत. पेरणी, परागीकरण, कणसांची नोंद हीं सर्व कामें त्या जातीनें करीत. मक्याच्या कांहीं कणसांवर ठिपकेदार दाणे येतात. एकाच दाण्यावर कोठें रंग, कोठें रंगाचा अभाव. १९४४ नंतरच्या चार-पांच वर्षांत त्यांनीं याचें कारण शोधून काढलें. डीएनएचा एक तुकडा आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतो. तो रंगाच्या जनुकांत घुसला कीं दाणा फिक्का होतो. दाणा वाढत असतां एखाद्या पेशींतून तो निघून गेला, तर त्या पेशीच्या संततीपुरता रंगाचा ठिपका उमटतो. हे घटक शेजारच्या जनुकांवर अंमल चालवितात असें बाईंचें म्हणणें होतें, आणि म्हणून त्यांनीं त्यांस ‘नियंत्रक घटक’ असें नांव दिलें. १९५१ च्या परिषदेंत त्यांनीं हें मांडलें तेव्हां विद्वानांनीं तें थंडपणें ऐकून घेतलें. १९८३ सालीं, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं, त्यांस एकट्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

मध्यंतरीं या घटकांस लोकांनीं नाहीं नाहीं तीं नांवें ठेविलीं. पोथींतील जो भाग कोणत्याही प्रथिनाचा पाठ नाहीं त्यास १९७२ पासून ‘कचरा’ म्हणण्याची चाल पडली, आणि १९८० सालीं तर फ्रान्सिस क्रिक यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीं अशा घटकांस ‘स्वार्थी डीएनए’ असें म्हटलें. हें नांव मात्र अगदीं चुकीचें नव्हतें. शेतांत हराळी जशी कोणाच्या उपयोगासाठीं वाढत नाहीं, वाढतां येतें म्हणून वाढते, तसाच यांचा स्वभाव. कांहीं घटक एका जागेवरून निघून दुसरीकडे बसतात. बहुतेक मात्र मूळ जागा न सोडतां आपली नक्कल काढून ती अन्यत्र घुसवितात. त्यांतले कांहीं तर जुन्या विषाणूंचे अवशेष आहेत: कोणे एके काळीं ज्यांचा संसर्ग बीजपेशींस झाला आणि जे तेव्हांपासून वंशपरंपरेनें उतरत आले.

त्यांची संख्या ऐकून वाचक थक्क होतील. २००१ सालीं मानवी डीएनएचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हां त्याचा सुमारें ४५ टक्के भाग अशा घटकांनीं किंवा त्यांच्या अवशेषांनीं व्यापलेला आढळला. प्रथिनांचे पाठ दोन टक्केही नाहींत. ‘अलू’ नांवाच्या एकाच लहानशा घटकाच्या दहा लाखांवर प्रती आपणां प्रत्येकांत आहेत. गायीची हकीकत याहून चमत्कारिक. तिच्या डीएनएचा सुमारें चौथा हिस्सा ‘बोव्ह-बी’ नांवाच्या घटकानें आणि त्याच्या तुकड्यांनीं भरलेला आहे. आणि या घटकाचें गोत्र पाहूं गेल्यास तें साप-सरड्यांच्या बाजूस निघतें. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २०१३ सालीं तो सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावरील गोचिडांतही दाखवून दिला, आणि एका जातींतून दुसऱ्या जातींत त्यास नेणारा दलाल गोचीडच असावा असा तर्क केला. गोठ्यांतील गोचिडांवर आपला राग आहेच. त्यांत ही एक जुनी तक्रार जमेस धरण्यास हरकत नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. असा उपरा घटक दार कसा होतो? त्यास आपली नक्कल काढून घ्यावयाची असते, आणि तें काम पेशींतील प्रथिनांकडूनच करवून घ्यावें लागतें. म्हणून त्या प्रथिनांस येऊन बसण्यासारखीं ठाणीं तो आपल्याच अंगावर वागवीत असतो. तो एखाद्या जनुकाच्या शेजारीं जाऊन पडला कीं त्या जनुकास आयतें दार मिळतें. शिवाय एकाच घटकाच्या प्रती हजारों ठिकाणीं विखुरलेल्या असल्यामुळें दूरदूरचीं अनेक जनुकें एकाच इशाऱ्यास एकदम साद देऊं लागूं शकतात. ही कल्पना रॉय ब्रिटन आणि एरिक डेव्हिडसन यांनीं १९६९-७१ मध्येंच मांडली होती. तिचा पुरावा हातीं येण्यास मात्र तीस-चाळीस वर्षें लागलीं.

मक्यापुरता पुरावा आधीं सांगून टाकूं. मेक्सिकोंतील ज्या रानगवतापासून मका झाला, त्यास पुष्कळ फांद्या फुटतात. मका एका खोडाचा असतो. या फरकास मोठ्या अंशीं कारण असलेलें जनुक दोहोंतही आहे. २०११ सालीं असें दिसून आलें कीं मक्यांत त्या जनुकापासून सुमारें ६० हजार अक्षरें दूर एक फिरता घटक बसलेला आहे, आणि त्याच्या जोरावर तें जनुक जवळजवळ दुप्पट काम करून फांद्या आंवरतें. हा घटक माणसानें आणलेला नाहीं. शेतीच्या आधीपासून तो कांहीं रानगवतांत होता. जुन्या शेतकऱ्यांनीं बियाणें राखतांना एका खोडाचीं झाडें निवडलीं, आणि त्यांच्याबरोबर तो निवडला गेला.

सस्तन प्राण्यांचें सर्वांत ठळक उदाहरण गर्भधारणेचें आहे, आणि दूध-दुभत्यावर जगणाऱ्या माणसास तें जवळचें वाटेल. सस्तन प्राण्यांत सर्वांचीच गर्भधारणा सारखी नसते. अमेरिकेंतील ओपोसम या पिशवीवाल्या प्राण्याचें पिलूं आईच्या पोटांत जेमतेम दोन आठवडे राहतें आणि अर्धेंकच्चेंच बाहेर येतें. गाय मात्र नऊ महिने वासरूं पोटांत वाढविते. परक्या रक्ताचें, म्हणजे अर्धें बापाकडचें, वासरूं इतके दिवस गर्भाशयानें सहन करणें ही लहान गोष्ट नव्हे. त्यासाठीं गर्भाशयाच्या अस्तरांतील पेशींनीं प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर निराळेंच रूप घ्यावें लागतें. व्हिन्सेंट लिंच, गुंटर वॅग्नर व त्यांचे सहकारी यांनीं मनुष्य, आर्माडिलो आणि ओपोसम यांच्या या पेशी ताडून २०११ सालीं जें प्रसिद्ध केलें तें असें: वार असलेल्या प्राण्यांच्या वंशांत गर्भाशयाच्या अस्तरांत नव्यानें कामास लागलेलीं १५३२ जनुकें सांपडलीं, आणि त्यांपैकीं शेंकडा १३ जनुकांच्या आसपास ‘मेर-२०’ नांवाचा एकच फिरता घटक बसलेला दिसला. हा घटक वार असलेल्या प्राण्यांतच आढळतो, ओपोसममध्यें नाहीं. त्याच्यावर प्रोजेस्टेरॉनच्या कामांत भाग घेणाऱ्या प्रथिनांचीं ठाणीं आहेत.

जवळ आढळणें म्हणजे कारण असणें नव्हे, ही शंका येथें घ्यावयास पाहिजे. विहिरीजवळ वड आहे म्हणून विहीर वडानें खणली असें होत नाहीं. त्या १३ टक्क्यांतलें प्रत्येक जनुक मेर-२० मुळेंच चालतें असें कोणीं सिद्ध केलेलें नाहीं. खरा पुरावा म्हणजे तो तुकडा काढून टाकून काय होतें तें पाहणें. तसा प्रयोग २०१६ सालीं मानवी पेशींवर झाला. विषाणूचा हल्ला झाला म्हणजे पेशी इंटरफेरॉन नांवाच्या पदार्थाच्या द्वारें हाकाटी करितात, आणि ती ऐकून रक्षणाचीं जनुकें जागीं होतात. एड चुआँग, नेल्स एल्डे व सेड्रिक फेशॉट यांनीं असें दाखविलें कीं या जनुकांपैकीं कित्येकांचीं दारें जुन्या विषाणूंच्या अवशेषांचीं आहेत. ‘मेर-४१’ नांवाचा असा एक अवशेष त्यांनीं कापून काढला, तों शेजारचें रक्षक जनुक हांक ऐकूनही नीट उठेना. एकेकाळीं जो घरफोड्या होता, त्याच्याच वंशजाकडे आज रात्रीच्या पहाऱ्याची कळ आहे. चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या देणें आपल्यांत मूर्खपणाचें समजतात. निसर्गानें तें केलें आणि निभावलें.

गायीविषयींचें असेंच संशोधन २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. वर सांगितलेल्या बोव्ह-बीच्या तुकड्यांपासून झालेला ‘बोव्ह-ए-२’ नांवाचा लहान घटक रवंथ करणाऱ्या प्राण्यांत विपुल आहे. गायीच्या पेशींत इंटरफेरॉनच्या इशाऱ्यास साद देणारीं कित्येक दारें याच घटकाचीं निघालीं, आणि इंटरफेरॉन ओळखणाऱ्या प्रथिनाच्या खुद्द जनुकांतील असा एक तुकडा काढून टाकतांच पेशीचा प्रतिसाद बदलला. २०२२ सालच्या लम्पीच्या साथींत ज्यांनीं आपलीं जनावरें गमावलीं, त्यांस ही माहिती केवळ कुतूहलाची वाटणार नाहीं. रोगास तोंड देण्याची एका वाणाची शक्ति दुसऱ्याहून वेगळी असते हें आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलों आहों. तो वेगळेपणा शोधावयाचा तर पाठांबरोबर दारेंही पाहिलीं पाहिजेत.

मेंढ्यांची एक गोष्ट जातां जातां सांगण्यासारखी आहे, जरी ती दाराची नसून पाठाचीच आहे. मेंढीच्या डीएनएमध्यें एका विषाणूचे वंशपरंपरागत अवशेष आहेत. त्यांतलें एक प्रथिन गर्भाशयांतच बनूं न देण्याची तजवीज एका प्रयोगांत करण्यांत आली. तो २००६ सालीं प्रसिद्ध झाला. गर्भाची वाढ खुंटली आणि गाभ टिकला नाहीं. मनुष्याच्या वारेंतही असेंच एक प्रथिन काम करतें. पण तें दुसऱ्याच विषाणूपासून आलेलें आहे, आणि उंदराचें तिसऱ्यापासून. वार पडली नाहीं म्हणून रात्रभर गोठ्यांत जागणाऱ्या आमच्या वाचकांस त्या वारेची घडण इतकी जुनी व इतकी भानगडीची असेल अशी कल्पना क्वचितच आली असेल.

येथवर वाचून कोणी असें समजेल कीं हे फिरते घटक म्हणजे केवळ उपकारकर्तेच. तसें मुळींच नाहीं. घटक कोठेंही पडतो, आणि बहुधा जेथें पडतो तेथें कांहीं घडत नाहीं; घडलें तर नुकसान होण्याचाच संभव अधिक. म्हणून पेशी त्यांना मोकळें सोडीत नाहीं. त्यांच्या डीएनएवर मेथिल नांवाचे रासायनिक शिक्के मारून आणि त्यांना ओळखणारीं पहारेकरी प्रथिनें नेमून ती त्यांस गप्प ठेविते. हा पहारा ढिला पडला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण प्रयोगशाळेंतील पिवळ्या उंदरांचें आहे. केसांचा रंग ठरविणारें ‘अगूटी’ नांवाचें एक जनुक आहे. या उंदरांच्या एका वंशांत त्या जनुकाच्या अलीकडे एक घटक येऊन बसला. तो जागा असला तर जनुक सर्व अंगांत रात्रंदिवस चालूं राहतें. उंदीर पिवळा, लठ्ठ आणि रोगट होतो. घटकावर शिक्के बसलेले असले तर तोच उंदीर तपकिरी व सडपातळ. दोघांची पोथी अक्षरशः एकच. २००३ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांतील रॉबर्ट वॉटरलँड व रँडी जर्टल यांनीं गाभण माद्यांच्या आहारांत फॉलिक आम्ल, ब-१२, कोलीन व बीटेन हीं घालून पाहिलीं, तेव्हां तपकिरी पिलांचें प्रमाण वाढलें.

या प्रयोगाचा गवगवा फार झाला आहे. गाभण गायीस अमुक मिश्रण चारा म्हणजे वासराचीं जनुकें सुधारतील, असें सांगणारे विक्रेते त्याचाच आधार घेतात. त्यांच्या माहितीसाठीं सांगावेंसें वाटतें कीं उंदरांतील याच जातीच्या हजारों घटकांची पुढें झडती घेण्यांत आली, आणि २०१८ सालीं जें निष्पन्न झालें तें असें कीं असे चंचल घटक अगदीं थोडे. बाकीचे कडक पहाऱ्याखालीं एकाच स्थितींत असतात. गाभण गायीस चांगला चारा, खुराक आणि खनिजें द्यावींत हें खरें. तें गायीसाठीं व वासराच्या वाढीसाठीं. जनुकें सुधारण्याच्या नांवाखालीं दुप्पट दाम देण्याचें कारण नाहीं.

अगूटीचें नांव निघालें आहे तर म्हशीची हकीकत सांगतों. चीन व आग्नेय आशियांतील दलदलींत राहणाऱ्या म्हशींच्या गटांत पांढऱ्या म्हशी आढळतात. आपल्या पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी म्हशी या गटांतल्या नव्हत, त्या नदी-गटांतल्या. पांढरेपणाचें कारण २०२१ सालीं सांपडलें. त्याच अगूटी जनुकांत सुमारें २८०० अक्षरांचा एक फिरता घटक येऊन बसला असून, त्यानें दिलेल्या जोरानें जनुकाचें काम दसपट वाढलें आहे. त्यामुळें कातडींत रंगच तयार होत नाहीं. उंदीर आणि म्हैस यांचे पूर्वज वेगळे होऊन कोट्यवधि वर्षें झालीं. घटक वेगळे, वेळा वेगळ्या. पण जनुक तेंच आणि युक्तीही तीच. पिवळ्या उंदराचें बाबतींत ती युक्ति रोग ठरली. पांढऱ्या म्हशीच्या बाबतींत ती निराळी जात दिसूं लागण्यास कारण झाली.

नुकसानीचें उदाहरण तर आपल्या गोठ्याच्या अगदीं दाराशीं आहे. होल्स्टीन जातींत कांहीं वासरें जन्मानंतर कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत, औषधानें न थांबणाऱ्या हगवणीनें खंगून मरतात. त्यांच्या रक्तांत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतें. २०१६ सालीं याचें कारण नक्की झालें: चरबी वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकांत १३०० अक्षरांचा एक विषाणुजन्य घटक येऊन पडला आहे आणि त्यानें तो पाठ अर्ध्यांतच तोडला आहे. हा दोष १९९१ सालीं कॅनडांत जन्मलेल्या मॉघलिन स्टॉर्म नांवाच्या नामांकित वळूपर्यंत जाऊन पोंचतो. वळू उत्तम दुधाळ वंशाचा, म्हणून त्याच्या वीर्याच्या कांड्या जगभर गेल्या. दोष वाहणारा वळू आणि दोष वाहणारी गाय यांच्या संकरांत चारांतलें एक वासरूं दगावतें. परदेशी वळूंच्या याद्यांत आतां याची खूण छापलेली असते: सीडीएफ असल्यास वळू मुक्त, सीडीसी असल्यास वाहक. संकरित गाय पुन्हां होल्स्टीनच्या कांडीनें भरवितांना ही खूण विचारण्यास पैसा पडत नाहीं. आम्ही तर म्हणतों कीं ती न विचारतां कांडी भरून घेऊंच नये.

आतां उलट टोकाच्या मताविषयीं दोन शब्द. कचरा म्हणण्याची चूक उघडकीस आल्यावर कांहीं मंडळी दुसऱ्या बाजूस घसरलीं. ‘एनकोड’ नांवाच्या मोठ्या प्रकल्पांत २०१२ सालीं असें जाहीर करण्यांत आलें कीं मानवी डीएनएच्या ८० टक्के भागास कांहींना कांहीं काम आहे. पेशींतील एखादें प्रथिन क्षणभर कोठें टेकलें म्हणजे तेथें काम आहे, असा अर्थ घेतल्यावर दुसरें काय होणार? या मतावर कठोर टीका झाली, आणि ती आम्हांस योग्य वाटते. टी. रायन ग्रेगरी या शास्त्रज्ञानें यापूर्वींच एक सोपी कसोटी सुचविली होती, तिला ‘कांद्याची कसोटी’ म्हणतात. कांद्याच्या पेशींत सुमारें १६ अब्ज अक्षरें आहेत. मनुष्याच्या सुमारें ३ अब्ज. पोथीचें प्रत्येक अक्षर कामाचें असेल तर लासलगांवच्या बाजारांत गोण्यांत भरलेल्या कांद्यास, त्याचा भाव पुकारणाऱ्या अडत्याच्या पांचपट हुकूम कशास लागावेत? कांद्याचा तो सगळा विस्तार बहुतांशीं अशाच घटकांच्या नकलांचा आहे, आणि त्यांतल्या बहुतेक नकला कोणास लाभही करीत नाहींत व फारशी हानिही करीत नाहींत.

तेव्हां आमचें मत असें आहे. फिरते घटक हे शरीराच्या सोयीसाठीं आलेले नाहींत. त्यांतले बहुसंख्य मेलेले आहेत, कांहीं घातक आहेत, आणि अगदीं थोडे कामास लागलेले आहेत. पण त्या थोड्यांनीं जें काम केलें आहे त्याशिवाय गायीस नऊ महिने गाभ धरतां आला असता कीं नाहीं, याचीच शंका आहे. कोणता घटक कोणत्या वर्गांतला हें त्याच्या नांवावरून किंवा संख्येवरून सांगतां येत नाहीं. तो काढून किंवा त्याच्यासह व त्याच्याविना असलेलीं जनावरें ताडूनच तें कळतें.

आणि येथेंच तपासणीच्या दाखल्याची उणीव दिसते. गौचिप किंवा कोणतीही चिप पोथींतील कांहीं ठराविक जागा पाहते आणि तेथें कोणतें अक्षर आहे तेवढें सांगते. मध्यें एखादा हजार अक्षरांचा घटक येऊन पडला असेल तर तो तिला सरळ दिसत नाहीं. होल्स्टीनच्या वरील दोषाची चाहूल २०१५ सालीं चिपच्याच माहितीवरून लागली हें खरें. पण ती लागली याचें कारण त्या जातीच्या असंख्य जनावरांच्या वंशावळ्या, दुधाच्या नोंदी आणि वासरांच्या मृत्यूच्या नोंदी पिढ्यान् पिढ्या लिहून ठेवलेल्या होत्या. घटक दिसला नाहीं तरी त्याची सावली नोंदींत पडली होती. आपल्या खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी, गवळाऊ यांच्या बाबतींत सावली पडावयास भिंतच नाहीं.

दुसरी गोष्ट. गायीच्या डीएनएचा जो पहिला नमुनापाठ २००९ सालीं प्रसिद्ध झाला, तो अमेरिकेंतील मोंटाना प्रांतांतील हेरफोर्ड जातीच्या एका गायीचा होता. वशिंडाच्या गायी आणि युरोपांतील गायी यांच्या पूर्वजांची ताटातूट होऊन कांहीं लाख वर्षें लोटलीं. त्या काळांत आमच्याकडील वंशांत जे घटक नव्या जागीं बसले, ते हेरफोर्डच्या पाठांत असणारच नाहींत. आणि जें नमुन्यांत नाहीं तें नमुन्याशीं ताडून कसें सांपडावें? वशिंडाच्या गायींचा पहिला पाठ २०१२ सालीं आला तोही ब्राझीलमधील नेलोर जातीचा. ही जात मूळची आपल्या ओंगोल गुरांची. तरी ती कांहीं डोंगरांतली पावसांत भिजणारी डांगी नव्हे, कीं माणदेशची खिल्लारही नव्हे. पोथी लांबलांब तुकड्यांनीं सलग वाचण्याची जी पद्धत आतां प्रचारांत आली आहे, तिनें असे घटक स्पष्ट दिसतात. प्रत्येक देशी वाणाचीं निवडक शुद्ध जनावरें त्या पद्धतीनें वाचून घेण्याचें काम कृषि व पशुवैद्यक विद्यापीठांनीं हातीं घ्यावें, आणि तें संकराच्या लोटांत वाण विरघळून जाण्यापूर्वीं घ्यावें, अशी आमची मागणी आहे. पांढऱ्या म्हशीचा घटक सांपडला तो पांढऱ्या व काळ्या अशा दोन्ही म्हशी शिल्लक होत्या म्हणून.

विद्यापीठांनीं करावयाचें तें वेगळें आणि आपण करावयाचें तें वेगळें. प्रयोगशाळेस पोथी वाचतां येते, परंतु गाय उन्हाळ्यांत कशी टिकली, किती वेतें झालीं, गाभ किती वेळां गेला, वासरें कोणत्या वयांत व कशानें मेलीं, साथींत कोणतें जनावर उभें राहिलें, हें फक्त गोठ्याच्या मालकास ठाऊक असतें. जनावरांच्या कानांत आतां बारा आंकड्यांचा बिल्ला असतो. त्या आंकड्याखालीं या गोष्टींची एक साधी वही प्रत्येक सभासदानें ठेवावी. वळूचें किंवा कांडीचें नांव व क्रमांक तींत न चुकतां लिहावा. आणि मेलेल्या वासराची नोंद जिवंत वासराइतकीच काळजीनें करावी. संघाच्या पुढील वार्षिक सभेपुढें हा विषय घ्यावा, वहीचा नमुना छापून सभासदांस द्यावा, आणि वर्षाअखेर त्या वह्या एकत्र करून ज्या विद्यापीठास हें काम करावयाचें असेल त्याच्या स्वाधीन कराव्यात, अशी सूचना आम्ही व्यवस्थापक मंडळाकडे पाठवीत आहोंत. जे वाचक आजच अशी वही ठेवीत असतील, त्यांनीं तिचे रकाने कसे आंखले आहेत हें आम्हांस कळवावें. पुढील अंकीं त्यांस जागा देऊं.